सहा चुंबकं आणि किलोमीटरभर तार

इलेक्ट्रिक गिटार काचेच्या बंद पेटीत ठेवली, पेटीतली हवा पंपाने काढून घेतली आणि आतल्या आत एखाद्या यंत्राने तिची तार छेडली, तर पेटीला कान लावून बसलेल्याला काहीही ऐकू येणार नाही. ध्वनीला वाहून न्यायला हवाच उरलेली नाही. पण गिटारची केबल पेटीबाहेर काढून ॲम्प्लिफायरला जोडलेली असेल, तर सूर नेहमीसारखाच खणखणीत वाजेल. तारांखालच्या पिकअपला हवेशी काही देणंघेणं नसतं. पोलादाची तार त्याच्यासमोर हलली, एवढंच त्याला कळतं, आणि तेवढ्यावर सगळा खेळ उभा आहे.

ही हालचाल कळते कशी, त्याचा पाया मायकेल फॅरडेने 1831 मध्ये घातला. वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदललं की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. पिकअपमध्ये चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार, एवढ्या दोनच मोलाच्या गोष्टी असतात. चुंबकाच्या सान्निध्यात वरची पोलादी तार स्वतःच थोडी चुंबकित होते. ती थरथरली की वेटोळ्यातलं क्षेत्र त्याच लयीत कमीजास्त होतं आणि केबलमध्ये शेकड्यांच्या घरातल्या मिलिव्होल्टचा एक नाजूक सिग्नल सुरू होतो. म्हणूनच नायलॉनच्या तारांपुढे पिकअप निरुपयोगी ठरतो. सतारीच्या पोलादी बाजाच्या तारेखाली धरला तर ती बोलेल, पण ब्राँझच्या जोडीच्या तारेखाली तोच पिकअप मुका राहील.

तत्त्व शाळकरी पोराला समजेल इतकं सोपं असलं, तरी प्रत्यक्ष वस्तू हातात घेतली की थक्क व्हायला होतं. फेंडर कंपनीच्या 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरमधला पिकअप घ्या. ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रणातून ओतलेल्या अल्निकोच्या सहा कांड्या, त्यांना वरखाली धरणाऱ्या दोन पातळ पट्ट्या, आणि मधल्या जागेत केसाइतक्या बारीक, 0.063 मिलिमीटर जाडीच्या इनॅमल तारेचे जवळजवळ 8000 वेढे. ही तार उलगडून सरळ केली तर एक किलोमीटरच्या पुढे जाईल. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या कारखान्यात ती यंत्रावर गुंडाळताना कामगार तिला बोटांनी दिशा द्यायचे, त्यामुळे थर एकावर एक शिस्तीत न बसता जरा विखुरलेले बसायचे. 1956 मध्ये तिथे कामाला लागलेल्या आणि 2013 मध्ये निवृत्त झालेल्या ॲबिगेल इबारा यांच्या हातचे पिकअप आज संग्राहक शोधत फिरतात. विखुरलेल्या वेढ्यांमुळे वेटोळ्याची स्वतःची विद्युत धारकता थोडी घटते आणि वरचे सूर जरा मोकळे होतात, हे शास्त्राला धरून आहे. हातगुणाचं बाकीचं माहात्म्य ज्याने त्याने आपल्या कानावर तपासून घ्यावं.

फेंडरच्या आधीही पिकअप होतेच. टेक्सासहून आलेला हवाईयन गिटारवादक जॉर्ज बीचम आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी 1931-32 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ॲल्युमिनियमची जी गिटार बनवली, ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची होती. दिसायला लांब दांड्याच्या तव्यासारखी, म्हणून तिला ‘फ्राइंग पॅन’ हेच नाव पडलं. तिच्यावर घोड्याच्या नालेच्या आकाराची दोन चुंबकं तारांना वरून वळसा घालून बसवलेली होती. त्याचं पेटंट मिळायला 1937 उजाडलं, तोवर इतरांनी आपापले पिकअप बाजारात आणलेही होते. म्हणजे पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार रॉकची नव्हती, हवाईयन होती. आपल्याकडे व्हॅन शिपले यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या धुना ज्या वाद्यावर वाजवल्या आणि ज्यांच्या तबकड्या घरोघर लागल्या, ते वाद्य याच घराण्यातलं.

या सुरुवातीच्या एकेरी वेटोळ्यांना, म्हणजे सिंगल कॉइलना, एक जन्मजात व्याधी आहे. तारेची हालचाल टिपणारं वेटोळं खोलीतल्या विजेच्या तारा, ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइटची चोक, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर या सगळ्यांचं बदलतं क्षेत्रही तितक्याच इमानाने टिपतं. मग स्पीकरमधून गुणगुण सुरू होते. ही गुणगुण देशागणिक वेगळ्या स्वराची असते. भारतात वीज 50 हर्ट्झची, म्हणून गुणगुणीत 50 आणि 100 हर्ट्झ ठळक असतात. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्याशी वाजणारा जी स्वर 98 हर्ट्झचा आहे, म्हणजे आपली गुणगुण जवळपास त्याच सुरात बोलते. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, तिथे तोच त्रास ए शार्प आणि बी यांच्या मध्ये कुठेतरी बेसूर लटकतो. जुन्या इमारतीत अर्थिंग धड नसेल तर गुणगुण आणखी वाढते. अशा वेळी पिकअपला दोष देण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवावं.

यावर उतारा काढला सेथ लव्हर या इंजिनिअरने. मिशिगनमधल्या कॅलामझू गावी गिब्सनच्या कारखान्यात काम करताना त्याने दोन वेटोळी शेजारी-शेजारी बसवली. एकाच्या चुंबकाचा उत्तर ध्रुव वर, दुसऱ्याचा दक्षिण, आणि दोन्ही वेटोळ्यांची जोडणी एकमेकांच्या उलट. बाहेरची गुणगुण दोन्हींत सारखीच शिरते, पण जोडणी उलट असल्याने परस्परांना खोडून टाकते. तारेची हालचाल मात्र उलट ध्रुव आणि उलट जोडणी अशी दोनदा उलटते, म्हणून ती बेरजेत मोडते. उलट्याचं उलटं सुलटं, या एवढ्याशा युक्तीवर हंबकर जन्माला आला. पेटंटचा अर्ज 22 जून 1955 रोजी गेला आणि मंजुरी 28 जुलै 1959 रोजी आली. मधल्या काळात 1957 पासून हे पिकअप गिटारींत बसू लागले होते आणि त्यांच्या पाठीवर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची इंग्रजी चिठ्ठी असायची. तिच्या आद्याक्षरांवरून त्यांना आजही ‘पीएएफ’ म्हणतात. पुढे पेटंट मिळाल्यावर कंपनीने चिठ्ठीवर क्रमांक छापला तो भलत्याच पेटंटचा, गिटारवादक लेस पॉलच्या टेलपीसचा. नक्कल करणाऱ्यांना चकवण्यासाठी हे मुद्दाम केलं, अशी आख्यायिका आहे.

लव्हरची आणखी एक निवड मला त्या मूळ युक्तीइतकीच देखणी वाटते. वेटोळ्यांवर धातूचं झाकण हवं होतं, पण पितळेसारख्या चांगल्या वाहक धातूत बदलत्या क्षेत्रामुळे भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात आणि ते वरचे सूर खाऊन टाकतात. त्याने जर्मन सिल्व्हर निवडलं. नावात चांदी असली तरी त्यात चांदीचा कण नसतो, तांबं, निकेल आणि जस्त असतं. ते वीज बऱ्याच नाखुशीने वाहून नेतं, म्हणून सूर शाबूत राहतात. आज स्वस्त पिकअपवर चकचकीत पितळी झाकण दिसतं, तेव्हा वाचवलेले पैसे नेमके कुठून वजा झाले ते कळतं.

पिकअप निवडायला गेलं की पहिल्यांदा समोर येतो तो वेटोळ्याच्या विद्युतरोधाचा आकडा. सहा किलोओहम, आठ किलोओहम, पंधरा किलोओहम. मोठा आकडा म्हणजे दणका मोठा, असं विक्रेतेही बिनदिक्कत सांगतात. हा आकडा फार फसवा आहे. तेवढेच वेढे आणखी बारीक तारेने दिले तर रोध वाढतो, पण पिकअपची ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. तांब्याचा रोध तापमानासोबतही वाढतो, दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.4 टक्के. म्हणजे 20 अंशाला 7.8 किलोओहम दाखवणारा पिकअप नागपुरात मे महिन्याच्या 40 अंशाच्या दुपारी 8.4 दाखवेल. आवाज तोच, आकडा ‘हॉट’! एकाच कंपनीच्या, एकाच तारेच्या, एकाच चुंबकाच्या दोन पिकअपांची तुलना करायची असेल तर हा आकडा उपयोगी पडतो. त्यापलीकडे त्याच्या नादी लागू नये.

स्वरूप ठरवणारी खरी राशी म्हणजे वेटोळ्याचं प्रवर्तन, ज्याला इंडक्टन्स म्हणतात. स्ट्रॅटोकास्टरच्या, म्हणजे स्ट्रॅटच्या, पिकअपचं ते साधारण सव्वादोन ते अडीच हेन्री असतं, जुन्या पद्धतीच्या हंबकरचं चार-साडेचारच्या आसपास. इथे केबलही वाद्याचा भाग होते, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. केबलला धारकता असते, मीटरमागे ढोबळमानाने 100 पिकोफॅराड. वेटोळं आणि केबल मिळून एक अनुनादी जोडी तयार होते. एका विशिष्ट कंप्रतेला ती उसळी घेते आणि त्यावरच्या कंप्रता झपाट्याने गाळून टाकते. पाच मीटरची केबल लावलेल्या स्ट्रॅटमध्ये ही उसळी 4000 हर्ट्झच्या थोडी वर येते, तर हंबकरमध्ये ती 3000 च्या घरात उतरते. आपला कान याच पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. स्ट्रॅटचा काचेसारखा टणत्कार आणि गिब्सनच्या लेस पॉल गिटारचा भरदार, जरासा घोगरा सूर यांतला पुष्कळसा फरक या हजारभर हर्ट्झमध्ये दडलेला आहे. दहा मीटरची केबल लावली तर हीच उसळी आणखी खाली सरकते. नवा पिकअप न घेता आवाज मऊ करायचा असेल तर हा उपाय सर्वांत स्वस्त.

व्हॉल्यूम आणि टोनची बटणं, म्हणजे पॉट, हाही याच मंडळाचा भाग. सिंगल कॉइलला 250 किलोओहमचे आणि हंबकरला 500 चे पॉट लावायचा प्रघात आहे. पॉटचा रोध कमी असेल तितका तो त्या उसळीला दाबून ठेवतो. सिंगल कॉइलच्या गिटारमध्ये हंबकर बसवला आणि जुने 250 चेच पॉट ठेवले, की ‘एवढा महागाचा पिकअप, पण गोधडीखालून वाजतोय’ अशी तक्रार येते. दोष पिकअपचा नसतो, दोनशे-तीनशे रुपयांच्या पॉटचा असतो.

चुंबकाबद्दल बोलायचं तर अल्निको 2 सौम्य आणि अल्निको 5 जोरकस, सिरॅमिक त्याहून कडक, हे सर्वसाधारणपणे खरं आहे. पण स्वस्त गिटारींतल्या पिकअपचा वेगळा सूर नुसत्या सिरॅमिकमुळे येत नाही. त्यांत चुंबकाच्या कांड्यांऐवजी लोखंडी खिळे असतात आणि सिरॅमिकची पट्टी खाली चिकटवलेली असते. वेटोळ्याच्या पोटात लोखंड आलं की प्रवर्तन वाढतं आणि सूर जाड होतो. तो वाईटच असतो असं नाही. काही हलक्या किमतीच्या गिटारी विकृती लावून, म्हणजे डिस्टॉर्शनवर, महागड्यांना लाजवतील अशा गर्जतात.

जागेचा परिणाम तर चुंबकापेक्षाही मोठा. स्ट्रॅटचा नेकजवळचा पिकअप ब्रिजपासून तारेच्या लांबीच्या जवळपास बरोबर एक चतुर्थांशावर बसतो. मोकळ्या तारेचा चौथा उपस्वर नेमका तिथे स्थिर असतो, म्हणून तो त्या पिकअपला जवळजवळ दिसतच नाही. ब्रिजचा पिकअप आधारापासून चारेक सेंटिमीटरवर. तिथे तारेचा झोका लहान, पण उपस्वरांची गर्दी मोठी, म्हणून आवाज किरटा आणि टोकदार. झोका लहान म्हणूनच संचातल्या ब्रिजच्या पिकअपला बहुधा जास्त वेढे देतात. दोघांची अदलाबदल करून बसवली तर नेक गडगडतो आणि ब्रिज क्षीण वाटतो.

उंचीचा परिणाम पाहायचा तर स्क्रू-ड्रायव्हर पुरे. फेंडरच्या जुन्या धाटणीच्या पिकअपसाठी शेवटचा पडदा दाबून मोजलेलं अंतर जाड तारेखाली सुमारे 2.4 आणि बारीक तारेखाली 2 मिलिमीटर असावं, असा कंपनीचाच सल्ला आहे. त्याहून वर चढवला तर आवाज वाढतो खरा, पण अल्निकोच्या कांड्या जाड तारांना खाली ओढू लागतात. वरच्या पडद्यांवर एकाच तारेतून दोन किंचित वेगळे सूर निघून एकमेकांत लहरायला लागतात आणि ट्यूनर कधीच स्थिर होत नाही. कित्येकांनी या दुखण्यावर नवे पिकअप विकत घेतले आहेत. अर्धा आटा उलटा फिरवला असता तर काम झालं असतं.

त्याच कांड्यांची एक गंमत जवळून बघण्यासारखी आहे. जुन्या स्ट्रॅटच्या पिकअपमध्ये सहा कांड्या सारख्या उंचीच्या नसतात, तिसऱ्या म्हणजे जी तारेची कांडी चांगली डोकं वर काढून उभी असते. 1954 मध्ये जी तार गुंडाळलेली यायची, तिचा पोलादी गाभा बारीक आणि आवाज मंद, म्हणून चुंबक जवळ आणला होता. पुढे वादकांनी साधी, न गुंडाळलेली जी तार वापरायला घेतली. ती सगळीच पोलाद, त्यामुळे आता तीच तार कर्कश पुढे येते. तरीही ‘व्हिंटेज’ म्हणून हीच उंचसखल रचना आजही मोठ्या हौसेने बनवली आणि विकली जाते. साधी जी तार लावणाऱ्याने सपाट कांड्यांचा संच घ्यावा, हे माझं मत.

सुटे पिकअप विकत घेऊन बदलायचा व्यापार 1970 च्या दशकातला. न्यूयॉर्कच्या लॅरी डिमार्झिओने 1972 च्या सुमारास ‘सुपर डिस्टॉर्शन’ आणला, तर सेमूर डंकनने 1976 मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बरात कंपनी काढली. पण हौशी मंडळींची तोडफोड त्याआधीपासून चालूच होती. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फरोख बलसाराच्या, म्हणजे फ्रेडी मर्क्युरीच्या, ‘क्वीन’मधला ब्रायन मे यात मानाचा. त्याने वडिलांच्या मदतीने 1963 पासून घरीच गिटार घडवली, लाकूड जुन्या फायरप्लेसचं. पिकअपही आधी घरीच केले. पण शेजारच्या चुंबकांचे ध्रुव आलटूनपालटून आल्याने तार बाजूला ओढली की सूर खरवडल्यासारखा व्हायचा. मग त्याने बर्न्स कंपनीचे पिकअप आणले आणि त्यांची वेटोळी ॲराल्डाइट ओतून घट्ट केली.

घट्ट करण्यामागे कारण आहे. वेटोळ्यातले वेढे सैल असतील तर मोठ्या आवाजात तेच थरथरतात आणि ॲम्पमधून कानठळ्या बसवणारी शीळ सुरू होते. अशा पिकअपवर तोंड ठेवून बोललं तर आपलं बोलणंही स्पीकरवर ऐकू येतं. एडी व्हॅन हेलनने गिब्सनच्या ईएस-335 गिटारमधला पीएएफ काढून स्ट्रॅटच्या आकाराच्या अंगात बसवला, तेव्हा याच शिळेवर त्याने वितळलेल्या पॅराफिन मेणाचा इलाज केला. 1978 च्या ‘व्हॅन हेलन’ या अल्बमवर ती जोडगिटार वाजली आणि त्यानंतर जगभरातल्या पोरांनी आपापल्या गिटारींना पटाशी लावली.

एक अदलाबदल तर चुकून अमर झाली. ‘फ्लीटवूड मॅक’च्या पीटर ग्रीनच्या 1959 च्या लेस पॉलमध्ये नेकच्या पिकअपचं चुंबक उलटं बसलेलं होतं. दोन्ही पिकअप एकत्र लावले की खालचे सूर एकमेकांना खोडायचे आणि नाकातून आल्यासारखा पोकळ, करुण आवाज उरायचा. ती गिटार पुढे गॅरी मूरकडे गेली आणि 2014 मध्ये ‘मेटॅलिका’च्या कर्क हॅमेटकडे आली. ते चुंबक सुलटं करायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

आपल्या गिटारमध्ये मात्र असा विरुद्ध कलेचा आवाज नको असेल, तर जोडणीआधी पाच मिनिटं मल्टिमीटरला द्यावीत. मीटर डीसी मिलिव्होल्टवर लावायचा, पिकअपच्या दोन तारांना टोकं जोडायची, पोलादी स्क्रू-ड्रायव्हर कांड्यांवर टेकवायचा आणि झटक्यात उचलायचा. आकडा क्षणभर अधिक किंवा उणे होतो. जुन्या आणि नव्या पिकअपचं चिन्ह जुळलं तर प्रश्न मिटला. उलट आलं तर दोन तारा बदलायच्या. झाकणाला जोडलेली एकच जाळीदार तार असलेल्या हंबकरमध्ये मात्र असं करू नये, झाकण गरम टोकाला जोडलं जाऊन हात लागताच गुणगुणेल. तिथे आतलं चुंबकच फिरवावं लागतं. चार तारांच्या पिकअपमध्ये रंगांवर भरवसा ठेवताना कंपनी बघावी. डंकनच्या पिकअपमध्ये काळी तार सिग्नलची आणि हिरवी अर्थची, लाल आणि पांढरी आपसात जोडून टेप लावायची. डिमार्झिओत सिग्नलला लाल, आणि आपसात जोडायच्या त्या काळी-पांढरी.

खरेदीआधी आणखी एक माप घ्यावं. जाड आणि बारीक अशा टोकाच्या दोन तारांमधलं अंतर पिकअपच्या जागी गिब्सन धाटणीत साधारण 50 मिलिमीटर असतं, फेंडर आणि फ्लॉइड रोझच्या ब्रिजवर 52-53. अरुंद पिकअप रुंद ब्रिजखाली आला तर कडेच्या तारा कांड्यांवरून घसरलेल्या दिसतात.

सोल्डरिंगमध्ये नवशिक्याची परीक्षा पॉटच्या पाठीवर होते. ते पत्र्याचं कवच उष्णता पिऊन टाकतं. मोबाईल दुरुस्तीची 25 वॉटची आयर्न तिथे पुरत नाही, सोल्डरचा गोळा वर नुसता बसून राहतो आणि आठवड्याने सुटतो. चाळीस ते साठ वॉटची आयर्न घ्यावी, जागा पॉलिश पेपरने खरवडावी, तारेच्या टोकाला आधी सोल्डरची कल्हई चढवावी आणि तीन-चार सेकंदांत हात काढून घ्यावा. जुना सांधा सुटत नसेल तर त्यावर थोडं नवं सोल्डर घालावं, त्यातल्या फ्लक्सने तो लगेच पाघळतो. सुरू करण्याआधी जुन्या वायरिंगचा फोटो काढून ठेवावा, आणि आयर्न पिकअपच्या केसाइतक्या तारेजवळ नेऊच नये, कारण ती तुटली की जोडायला भिंग आणि देवाची कृपा दोन्ही लागतात. तारा चढवण्याआधी केबल लावून स्क्रू-ड्रायव्हरने प्रत्येक पिकअपवर टकटक करून पाहावं. स्पीकरमध्ये ठक ठक आली की पिकगार्ड बंद करायला हरकत नाही.

काढलेला पिकअप त्याच्या स्क्रू आणि स्प्रिंगांसह पुडीत बांधून ठेवावा, पुढे गिटार विकायची वेळ आली तर मूळ पिकअप असलेल्या गिटारला गिऱ्हाईक लवकर लागतं. अल्निकोचे दोन पिकअप मात्र तोंडाला तोंड लावून किंवा फोनच्या चुंबकी कव्हरशेजारी ठेवू नयेत, त्यांची चुंबकी ताकद उतरते.